परकं पिल्लू

चर्चमागची चिंच अजून तरणी होती, तेव्हाची ही गोष्ट. तिच्यावर एका कावळीच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू वाढत होतं. एका रविवारी शेजारची साळुंकी त्याला म्हणाली, "तू काही हिच्या पोटचं नाहीस. तिला कळलं की हाकलून देईल बघ."

पिल्लू भेदरलं. कावळी भाकरीचा तुकडा घेऊन आली, तरी त्यानं चोच उघडली नाही.

"आई, मी तुझं नाही गं," ते कसंबसं म्हणालं.

कावळीनं तुकडा पायाखाली धरला. "ठाऊक आहे मला. अंडं होतंस तेव्हापासून."

"मग मला का भरवतेस?"

"तुला भूक लागते म्हणून. चल, आ कर."

खाली चर्चमध्ये पाळकसाहेब देवाची कृपा म्हणजे काय, ते अजून समजावून सांगत होते. वर पिल्लाचं तोंड भरलं होतं.