हैबती गवंड्याचा गुण्या

शके १७९७, मार्गशीर्षाचा पहिला आठवडा. थंडी पडू लागली होती. घाटाखालच्या एका गावात हैबती गवंडी गावासाठी धान्याचे कोठार बांधत होता. भिंती छपरापर्यंत आल्या होत्या.

हैबतीजवळ गुरूने दिलेला लाकडी गुण्या होता. काटकोन पाहायचे ते गवंड्याचे हत्यार. दर दसऱ्याला तो त्याची पूजा करी. पूजेचे हत्यार पालथे घालायचे नाही, असा त्याच्या घरचा दंडक होता. म्हणून तीस वर्षांत त्याने गुण्या उलटून पाहिला नव्हता.

भिंती उभारताना कोठाराचे पहिले तीन कोपरे त्याने गुण्याने काढले होते. चौथ्या कोपऱ्यात गुण्या बसेना. हैबतीने दगडाला दोष दिला आणि फट चुन्याने भरली.

तुळया भिवा सुतार करणार होता. भिंतीवर त्या चढवणार होता त्याचा धाकटा भाऊ म्हाळू. म्हाळूला बायको होती, दोन लहान मुली होत्या. लांबी गवंड्याने सांगायची आणि सुताराने कापायची, भिंतीला सुताराने दोरी लावायची नाही, अशी तिथली रीत. हैबतीने पुढची भिंत मोजली आणि सगळ्या तुळया त्याच मापाच्या कापायला सांगितल्या.

भिवाने चुन्याने भरलेला कोपरा पाहिला होता. तो म्हणाला, “हैबतीकाका, मागची भिंत एकदा मोजू द्या.”

“कशाला? तीन कोपरे काटकोनात असले की चौथा असतोच. मग समोरासमोरच्या भिंती सारख्याच.”

“ते कबूल. पण तीन काटकोनात आहेत कशावरून?”

“गुण्यावरून.”

“आणि गुण्या?”

हैबतीला राग आला. “घरी जा आणि बापाला विचार, तू माझा बाप कशावरून.”

माणसे हसली. भिवा हसला नाही. वर माझा भाऊ चढणार आहे, एवढेच तो म्हणाला. तेव्हा हैबतीने सगळ्यांसमोर शब्द दिला, “त्याच्या जिवाला मी जामीन. काही झालं तर त्याचं घर माझ्या अंगावर.”

यापुढे बोलणे म्हणजे म्हाताऱ्याचा अपमान. भिवाने तुळया कापल्या.

तुळई दोन्हीकडे भिंतीवर वीतभर टेकायला हवी. पुढच्या तुळया तशा टेकल्या. मागे जावे तसे टेकण कमी होत गेले. म्हाळूने वरून तसे सांगितले. हैबतीने खालून उत्तर दिले की हिशेब बरोबर आहे, चढव. शेवटची तुळई जेमतेम चार बोटे टेकली. तिच्या वजनाने भिंतीची कड फुटली. तुळई खाली आली, म्हाळू तिच्याखाली आला. त्याला बाहेर काढले तेव्हा तो गेलेला होता.

तिसऱ्या दिवशी भिवा हैबतीकडे आला. त्याने फळीच्या सरळ कडेला गुण्या लावला आणि रेघ ओढली. मग गुण्या उलटा केला आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढली. गुण्या खरा असता तर रेघ एकच दिसली असती. दोन दिसल्या. वरच्या टोकाला त्यांच्यात बोटभर अंतर होते.

हैबतीने दोन्ही रेघांवरून बोट फिरवले. “माझा हिशेब चुकला नव्हता,” तो म्हणाला.

“नाही,” भिवा म्हणाला. “हिशेबात कुठंच चूक नव्हती.”

हैबतीने गवंडीकाम सोडले. भिवाच्या दोघांनी ओढायच्या करवतीला दुसऱ्या टोकाला आता म्हाळू नव्हता. तिथे हैबती उभा राहिला. मजुरी संध्याकाळी म्हाळूच्या दारात ठेवायची आणि निघायचे. म्हाळूची बायको आवडा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. अशी साडेआठ वर्षे गेली. हैबतीची पाठ वाकली, दोन बोटे गेली.

शके १८०६ च्या वैशाखात म्हाळूची धाकटी मुलगी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी आवडा लाकडांच्या वखारीत आली. करवत थांबली.

“फिटलं,” ती म्हणाली.

हैबतीने करवतीवरचा हात काढला आणि तो घरी गेला.

तात्पर्य: विचार कितीही बिनचूक असो, ज्या पहिल्या गोष्टीवर तो उभा आहे ती खोटी असेल तर तो खोट्याकडेच नेतो. म्हणून जे धरून चालायचे, ते आधी उलटून पाहावे.