माझ्यामागे सगळं तुझंच

रानात अजून माणसाची पाऊलवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. बेहड्याच्या झाडावर झुबकी नावाची म्हातारी खार राहायची. तिच्या तीन ढोल्या होत्या: एक शेंगांची, एक चिंचोक्यांची, एक मऊ कापसाची. मुलंही तीनच. ज्याच्यावर माया दाटून येई, त्याला एकट्याला जवळ घेऊन ती म्हणे, "माझ्यामागे सगळं तुझंच."

रानाचा कायदा असा, की मेलेल्याच्या ढोलीवरून वाद झाला तर निवाडा घोरपडीने करायचा आणि निम्मा माल तिने न्यायचा. जिवंतपणी चारचौघांत वाटून दिलं, तर तिला काहीच नाही.

एकदा झुबकी फांदीवरून पडली. डोळे उघडेनात, पण कान जागे होते.

"सगळं तुझंच, असं आई मला म्हणाली होती!" थोरली म्हणाली.

"तुला? अगं, मला म्हणाली!" मधला ओरडला.

"मलाही," धाकटी रडत रडत म्हणाली.

तोवर घोरपड जिभल्या चाटत बुंध्याशी येऊन बसलीसुद्धा.

झुबकीच्या मनात आलं, पोरं खरंच बोलतायत. खोटी मीच.

चार दिवसांनी ती उठली. साळुंकी आणि सुतार पक्ष्याला साक्षीला बसवून तिने शेंगा थोरलीला दिल्या, चिंचोके मधल्याला आणि कापूस पोटुशी असलेल्या धाकटीला. "पण मी आहे तोवर शेंगांच्या ढोलीत मीच राहणार," तिने बजावलं. घोरपड हात हलवत परत गेली.

"आई, मग तुझ्यामागे काय?" धाकटीने विचारलं.

"माझ्यामागे रडा," झुबकी म्हणाली. "भांडायला मी काही ठेवलेलं नाही."