पल्याडचा गवंडी

नदीकाठच्या एका गावात दर वर्षी सुगी आटोपली की एक कल्हईवाला यायचा. त्याचं नाव यशवंता. त्याच्याआधी त्याचा बाप यायचा.

आताच्या मुलांना कल्हई कुठली ठाऊक असणार! तेव्हा घरोघरी तांब्यापितळेची भांडी असत. त्यांत आंबट काही ठेवलं की ते कळकायचं. म्हणून कल्हईवाला झाडाखाली खड्डा करून भट्टी पेटवायचा आणि भाता मारायचा. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकायचा, तेव्हा पांढरा धूर भस्सकन वर यायचा. मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं हात मारला, की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. ते बघायला शाळा निम्मी रिकामी व्हायची आणि गुरुजीही मागाहून हळूच यायचे. तो धूर आता कुठं दिसत नाही. मला त्याची फार आठवण येते.

यशवंताची भट्टी नेहमी वामनकाकांच्या घरासमोर लागायची. काका सुपारीचे व्यापारी. घर काही मोठं नव्हतं. पुढं ओटा, मग ओसरी, मग माजघर आणि स्वयंपाकघर, वर कौलं. यशवंता लहानपणी त्या ओट्याच्या खांबाला धरूनच उभा राहायला शिकला होता. दुपारी काकू ताक आणून द्यायच्या. रात्री बापलेक ओट्यावरच अंग टाकायचे. पुढं यशवंताचं लग्न झालं, तेव्हा त्याची बायको हौसाही त्याच ओट्यावर येऊन टेकली. गावोगाव तीन दगडांवर चूल मांडायची आणि उठवायची, असा त्यांचा संसार. स्वतःचं घर म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

एके वर्षी काकू गेल्या. काकांची एकुलती मुलगी सुमती तालुक्याच्या गावी दिली होती. "बाबा, एकटे राहू नका, इकडे या," म्हणून ती मागं लागली. तेव्हा काका यशवंताला म्हणाले, "घर तूच घे. दुसऱ्या कुणाला दिलं तर तिकडे माझा जीव लागायचा नाही. पैसे तुला परवडतील तेच दे."

यशवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसा तर रडलीच. मग डोळे पुसून तिनं चूल कुठं मांडायची आणि शेळी कुठं बांधायची हे ठरवून टाकलं. आणि तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं.

"अवो, घर कुनाला दावलं का?"

"दावायचं कशाला? पाठ हाय मला ते घर."

"ओटा पाठ हाय तुमाला," हौसा म्हणाली. "आत कितींदा गेलाय?"

इतकी वर्षं या घरी येऊन तो ओसरीच्या आत कधी गेलाच नव्हता.

"लोकांचं पातेलं हातात घेताना आदी उजेडात धरता, भोक हाय का बघता," हौसा म्हणाली. "आन् जन्माची पुंजी घालायची ती नुसती ओट्यावर बसून?"

त्या मुलखात पूर्वी एक चाल होती. घर विकायचं ठरलं, की नदीपलीकडचा गवंडी बोलवायचा. अलीकडच्या काठाला ज्याचं सोयरं नाही, धायरं नाही, असाच माणूस बघायचा. तो येऊन घर तपासायचा. निकाल सांगेपर्यंत तो देणाऱ्याचं पाणी प्यायचा नाही आणि घेणाऱ्याचंही नाही. शहाणी होती ती जुनी माणसं. पण यशवंताच्या काळापर्यंत ही चाल मागं पडत चालली होती. बैल घेताना सख्ख्या भावाच्या बैलाचेही दात मोजणारी मंडळी घर घेताना मात्र लाजायची. ओळखीच्या माणसाचं घर तपासायचं म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं वाटायचं.

यशवंता घर तपासून घेणार अशी गावात बातमी फुटली, तशी लोकांनी तोंडात बोटं घातली. "वामनकाकांच्या घराची पारख? ज्यांच्या ओट्यावर हा वाढला, त्यांच्या?"

काकांच्याही कानावर ते गेलं. ते हसले, पण हसू खरं नव्हतं. "अरे, आपला रंगनाथ गवंडी आहे की. माझ्या घराची कौलं तोच चाळतो. त्याला विचार."

यशवंताला ते पटलं. भट्टीपाशी येऊन त्यानं हौसाला सांगितलं.

"रंगनाथ गवंडी काकांच्या घरचं खातो," हौसा म्हणाली. "त्यो काकांच्या घराला नाव ठेवील व्हय? भीड भिकेची बहीण असती. पल्याडचाच मानूस आना."

शेवटी यशवंता नावेत बसला आणि पलीकडच्या पिराजी गवंड्याला घेऊन आला. हा पिराजी म्हणजे उंच, वाळका आणि तुसडा. खांद्यावरच्या पडशीत भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा, एक लोखंडी सळई, एक लाकडी ठोकळा आणि स्वतःची भाकरी. दारात आल्यावर त्यानं रामराम केला तोही भिंतीकडं बघत.

काकांनी रीतीप्रमाणे गूळपाणी पुढं केलं.

"पारख झाल्याबिगर न्हाई," पिराजी म्हणाला. "पानी प्यालो की जीभ आखडती."

काकांचा चेहरा पडला. फाटकाशी पाचपन्नास माणसं जमली होती. काका यशवंताकडं वळले. "यशवंता, तुझा बाप माझ्या शब्दावर उभं आयुष्य या ओट्यावर निजला. तुला माझा शब्द पुरेना का रे?"

यशवंताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नाव अजून काठालाच होती. पिराजीला परत पाठवणं सोपं होतं. तसं केलं असतं तर गाव वाहवा म्हणालं असतं आणि काका प्रसन्न झाले असते. त्यानं हौसाकडं पाहिलं. तिच्या कडेवर त्यांची तान्ही पोर झोपली होती.

यशवंतानं हात जोडले. "काका, तुमचा शब्द मला देवाच्या ठिकानी हाय. पर शब्द तुमी दिलाय. भिंतीनं दिला न्हाई, आढ्यानं दिला न्हाई. आमाला जन्मात एकदाच घर घ्यायचंय. बघू द्या त्याला."

काका बाहेर जाऊन झाडाखाली बसले.

पिराजीनं सगळ्यांनाच बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आतून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. काका पाठ करून बसले होते. पण ज्या घरात आयुष्य गेलं, त्याचा आवाज माणूस किती वेळ ऐकू येत नाही असं दाखवणार?

"ही ओसरी," ते आपल्याशीच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता स्वयंपाकघर. त्या भिंतीला तिनं लोणच्याच्या बरण्यांची फळी ठोकून घेतली होती. लग्नानंतरचा पहिला हट्ट तिचा." मग आवाज बदलला. "हे फडताळ. सुमती त्यात लपायची आणि हसू आवरेना म्हणून सापडायची."

यशवंता शेजारी येऊन मातीत बसला. काकांनी त्याला उठ म्हटलं नाही. दोघंही ऐकत राहिले. घर सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हे यशवंताला तेव्हा कळलं आणि त्याला काकांची फार माया आली.

मग ठोकणं माजघरात गेलं आणि तिथंच थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. बराच वेळ पिराजी बाहेर येईना.

अखेर दार उघडलं. पिराजीच्या पागोट्यावर आणि मिशांवर भुसा होता.

"जोतं पक्कं हाय," त्यानं सांगितलं. "भिंती ओळंब्यात हायेत. कौलं नीट. पर माजघराची मधली तुळई आतनं गेलीय. वाळवी. वरनं तेलपानी केलंय म्हनून दिसत न्हाई. सळई लावली तर मुठीपतूर आत गेली. अजून एखादा पावसाळा निघंल, न्हाईतर न्हाई बी निघायचा."

फाटकाशी कुजबुज झाली. काही डोळे काकांकडं वळले. ज्यांनी सकाळी यशवंताला नावं ठेवली, तेच आता काकांकडं संशयानं बघू लागले. गाव ते गावच.

काका झाडाखालून उठून पुढं आले. "मला ठाऊक नव्हतं रे. देवाशप्पथ ठाऊक नव्हतं."

यशवंता काही बोलणार, तोच पिराजी लोकांकडं वळून खेकसला, "ठावं असतं तर त्या तुळईखाली खाट टाकून निजला असता का ह्यो मानूस? खाट बगितली मी." मग काकांना विचारलं, "खाट तुमचीच न्हवं?"

"माझीच," काका म्हणाले. "आणि सुट्टीत सुमतीची पोरं येतात. ती माझ्या खाटेभोवती खाली ओळीनं झोपतात. गोष्टी सांगा म्हणतात."

यशवंतानं त्यांना धरून ओट्यावर बसवलं. मग काकांनी हौसाला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी काकांनी सागवानी लाकूड मागवलं. "निम्मा खर्च माझा," असं यशवंता म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला दटावलं. घर धड करून देणं देणाऱ्याचं काम, असं त्यांचं म्हणणं. रंगनाथानं नवी तुळई चढवली आणि पिराजीनं येऊन ती तपासली. मगच सौदा पुरा झाला.

त्या दिवशी हौसानं आपल्या घरात पहिल्यांदा चूल पेटवली आणि काकांना पाहुणे म्हणून जेवायला बसवलं. घर विकून त्याच घरात पाहुणा होणं सोपं नसतं. काकांनी दोनदा डोळे टिपले, पण भाकरी पोटभर खाल्ली. पिराजीही पंगतीला होता. आता त्याला कुणाचंही पाणी चालत होतं.

हात धुताना काका त्याला म्हणाले, "पिराजी, सुमतीचे यजमान तालुक्याला पहिलंच घर घेताहेत. मी तिथंच राहणार. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

"इकनारा कोन?" पिराजीनं विचारलं.

"जावयांचे सख्खे मामाच आहेत. फार सज्जन माणूस."

"मंग तर यायलाच पायजे," पिराजी म्हणाला.

तात्पर्य: माणसावर विश्वास जरूर ठेवावा, पण घर तिऱ्हाइताकडून तपासूनच घ्यावं, त्यानं घेणाऱ्याची पुंजी वाचते आणि देणाऱ्याची अब्रूही.