टांकसाळीचा धनी

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला, इतका की ते राज्य कुठे होते हे आता डोंगरांनाही सांगता येणार नाही. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी अशी ही गोष्ट आहे.

त्या राज्यात नदीच्या वळणावर दगडी टांकसाळ होती. तिथे पडणारे चांदीचे नाणे दूरदूरच्या मुलखात चालत असे. समुद्रापलीकडचे व्यापारी ते न वाजवता, न तोलता कमरेला लावत. असे का, हे विचारण्याची कोणाला गरजच वाटत नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो, तसेच हे.

टांकसाळीचा कारभार अंबाजीपंत नावाच्या पोतदाराकडे होता. चांदीची पारख करायची, नाण्याचे वजन पाहायचे आणि मगच त्यावर शिक्का पडू द्यायचा, हे त्याचे काम. एका नाण्यात अकरा मासे, म्हणजे जवळजवळ तोळाभर चांदी, हा नेम. अर्धी गुंज जरी कमी भरली तरी तो ते नाणे वितळवायला पुन्हा मुशीत टाकायला लावी. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र पितळेचीच भांडी होती.

राजा मनाने वाईट नव्हता. उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी कोस कोस चालतात हे त्याने पाहिले होते. राजधानीच्या माथ्यावर एक मोठा तलाव बांधावा, असे त्याने मनावर घेतले. काम सुरू झाले आणि निम्म्यावर येता येता चांदी संपली.

राजाने अंबाजीपंताला बोलावले. नाण्यात अकरा माशांऐवजी आठच मासे चांदी घाला आणि उरलेले तांबे घाला, म्हणजे तलाव पुरा होईल, असे त्याने समजावून सांगितले. लोकांसाठीच तर करायचे आहे, असेही तो म्हणाला.

अंबाजीपंताने हात जोडले. "महाराज, टांकसाळ तुमची आहे. भिंती तुमच्या, भट्टी तुमची. पण नाणे एकदा दाराबाहेर पडले की ते तुमचे राहत नाही. ज्याच्या मुठीत आहे, त्याचे ते. त्याच्या मुठीतून मी तीन मासे चांदी कशी काढून घेऊ?"

राजाला राग आला. तो चेहऱ्यावर दिसला. दरबारात हिरोजीशेट नावाचा मोठा सावकार बसला होता. टांकसाळ आम्हा पाच पेढीवाल्यांना मक्त्याने द्यावी, आम्ही महाराजांना हवी तेवढी नाणी पाडून देऊ, असे त्याने नम्रपणे सुचवले. दर शंभर नाण्यांमागे पाच नाणी त्यांनी आपल्यासाठी मागितली. राजाने ते मान्य केले.

त्याच दिवशी अंबाजीपंताने शिक्के आणि किल्ल्या राजापुढे ठेवल्या. नदीपलीकडे त्याचा लहानसा मळा होता, तिथे जाऊन तो भोपळे आणि वाल लावू लागला.

नवी नाणी दिसायला जुन्यासारखीच होती. किंबहुना जास्तच चकचकीत. तलावावरच्या मजुरांना ती मिळू लागली, भिंत चढू लागली. चार महिने सगळे सुरळीत चालले.

बाजारात गोजराबाई नावाची मीठ विकणारी बाई होती. आयुष्यभर मीठ तोलून तोलून तिच्या हाताचाच तराजू झाला होता. एके दिवशी एका शिपायाने तिला नवे नाणे दिले. तिने ते तळहातावर घेतले, क्षणभर थांबली, मग दगडावर टाकले. आवाज बसका आला. तिने नाणे उचलून शिपायाच्या हातात परत ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "दादा, घरी जोंधळे असतील तर पसाभर आणा. हे नको."

एवढेच झाले. तिने आरडाओरडा केला नाही, कोणाला चिथावले नाही. पण शेजारच्या कुंभाराने ते पाहिले. मग त्याच्या शेजारच्या तेल्याने. आठवड्याभरात जुनी नाणी गाडग्यांत जाऊन जमिनीत पुरली गेली आणि नवी कोणी घेईना. मिठाला जोंधळे, मडक्याला तेल, अशी देवघेव सुरू झाली. तलावावरच्या मजुरांनी पाट्या खाली ठेवल्या, कारण मजुरी घेऊन बाजारात गेले तर मूठभर डाळही मिळत नव्हती.

राजाने दवंडी पिटवली: जो नाणे नाकारील त्याला कैद. शिपायांनी गोजराबाईला दरबारात आणून उभे केले. नाणे का नाकारतेस, असे राजाने विचारले.

ती घाबरली होती, तरी सरळ बोलली. "महाराजांचा हुकूम डोक्यावर. उद्यापासून कोणी नाणे दिले तर मी घेईन. पण मग मी मीठ घेऊन बाजारात येणार नाही. घरी बसायला तर मनाई नाही ना, महाराज?"

राजाने तिला जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः बाजारात गेला. ऊन वर आले होते. दुकानांचे ओटे झाडून ठेवलेले होते, आणि एकही माणूस नव्हता. एक दुकान उघडे नव्हते, एक बैलगाडी उभी नव्हती. ज्याच्या एका शब्दावर दहा हजार घोडे दौडत, तो राजा त्या रिकाम्या पेठेत उभा राहिला. इथे कोणी बंड केले नव्हते. कोणी त्याच्याकडे पाठही फिरवली नव्हती. फक्त एक गोष्ट निघून गेली होती, आणि ती आजवर इथे होती हेच त्याला कधी दिसले नव्हते.

तो तसाच पायी नदी ओलांडून अंबाजीपंताच्या मळ्यात गेला. आपली चूक त्याने कबूल केली आणि परत या म्हणून विनवले.

अंबाजीपंत म्हणाला की येतो, पण टांकसाळीचे दार दिवसभर उघडे राहील. कोणीही यावे, नाणे तोलून पाहावे. पोतदार 'नाही' म्हणाला तर तो नकार राजालाही मोडता येणार नाही आणि सावकारालाही विकत घेता येणार नाही. आणि पोतदाराने दरसाल भर चौकात उभे राहून लोकांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी. खोटा ठरला तर लोकांसमोरच पायउतार व्हावे.

राजाने हळूच विचारले, "मग यात मी कोण?"

"तुम्ही शिक्का, महाराज. शिक्क्याशिवाय नाणे नाही. पण शिक्का म्हणजे चांदी नव्हे."

आता हलकी नाणी वितळवून पुन्हा अकरा माशांची पाडायची होती, आणि प्रत्येक नाण्यामागे तीन मासे चांदी कमी होती. राजाने आपली चांदीची अंबारी, ताटे, पलंगाचे खूर, सगळे मुशीत घातले. तरी पुरेना. अंबाजीपंताने चौकात उभे राहून लोकांना खरे ते सांगितले: एवढी तूट आहे, ती भरायला तीन वर्षे लागतील, तोवर सर्वांची नाणी बदलून देता येणार नाहीत.

गर्दीतून गोजराबाई पुढे आली. तिने कमरेची चांदीची साखळी सोडली आणि तराजूच्या पारड्यात ठेवली. पावती मागितली नाही. तिच्यामागून कुंभार आला, हातातले कडे काढीत. मग कोणी वाळे आणले, कोणी पुरलेले गाडगे उकरून आणले. नदीच्या पुलापर्यंत रांग गेली आणि तीन दिवस ती हलत राहिली. हिरोजीशेटही रांगेत होता. त्याच्या वाट्याची सगळी नाणी हलकीच होती; गाड्या भरून आणलेल्या त्या ढिगाची त्याला आतल्या चांदीइतकीच किंमत मिळाली, सर्वांच्या त्याच तराजूवर.

राजा तीनही दिवस टांकसाळीच्या दारात उभा होता. हुकूम नाही, शिपाई नाही, आणि तरीही माणसे येत होती. राजसिंहासनापुढे वाकलेल्या माना त्याने खूप पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदा त्याची स्वतःची मान वाकली.

पुढे बाजार भरला. तलाव ठरल्यापेक्षा सात वर्षे उशिरा पुरा झाला, पण त्याच्या प्रत्येक दगडाची मजुरी अकरा माशांच्या नाण्यात दिली गेली. त्यानंतर टांकसाळ कोणाची, असा प्रश्न त्या राज्यात कोणी विचारला नाही. ज्याला शंका येई तो उघड्या दारातून आत जाऊन आपले नाणे तोलून येई.

बोध: राज्याच्या नाण्यावर शिक्का राजाचा असतो, पण त्याचा खरा धनी प्रजेचा विश्वास असतो, म्हणून टांकसाळ अशाच्या हाती असावी, जो राजालाही नाही म्हणू शकतो आणि प्रजेला उत्तर देतो.