न आलेला दावा

"पण माई, दावे कमी झाले, हे तर चांगलंच ना?"

निरंजन उपळेकरने हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा विचारला तेव्हा माई शेंगा सोलत होत्या. आताही सोलतच होत्या.

माई म्हणजे मालिनीबाई खाडे. तीस वर्षं न्यायाधीश म्हणून काम केलं, निवृत्त झाल्या आणि डोंगरावरच्या बहिरोबाच्या देवळामागे दोन खोल्यांत राहायला गेल्या. निरंजन न्यायाधीश म्हणून अगदी नवाकोरा होता तेव्हा त्यांच्याच शेजारी बसून काम शिकला होता.

आता तो तालुक्याच्या कोर्टाचा न्यायाधीश होता. हाताचा स्वच्छ, कामाला वाघ. ते त्यालाही ठाऊक होतं, जरा जास्तच.

त्या वर्षी राज्याने एक नवा कायदा केला होता. दावा दाखल करताना नेहमीची फी असतेच. तिच्यावर आणखी जादा फी लावायची मुभा या कायद्याने कोर्टांना दिली. जमेल ते त्याच कोर्टाच्या सोयींसाठी वापरायचं. मुभा होती, सक्ती नव्हती. निरंजनने पहिल्याच आठवड्यात पाचशे रुपये जादा लावले.

आणि करूनही दाखवलं. लोक दिवस दिवस उन्हात उभे राहायचे, तिथे शेड आली. बायकांसाठी स्वच्छतागृह आलं. चाळीस वर्षांत ते कुणाला सुचलं नव्हतं.

"वर दावेही घटले. लोक शहाणे झालेत, माई. बारीकसारीक भांडणं घेऊन आता कुणी येत नाही."

"शेड चांगली केलीस," माई म्हणाल्या. "स्वच्छतागृह तर फारच चांगलं."

निरंजन सुखावला.

"आणि ती भांडणं... ती गेली कुठे?"

"मिटली असतील."

"असतील?"

निरंजनने एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"एक शोधून आण," माई म्हणाल्या. "न आलेला एक दावा. मग सांगते, चांगलं की वाईट."

"जो आलाच नाही तो शोधायचा कुठे? त्याला नंबर नाही, नाव नाही..."

"खरंय," असं म्हणून माईंनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

निरंजन चिडूनच डोंगर उतरला. म्हातारपणी माणूस कोड्यात बोलायला लागतं, असंही त्याच्या मनात आलं. पण माईंचा शब्द एकदा कानात शिरला की तो बाहेर निघत नसे, हा त्याचा जुना अनुभव होता.

दोन रविवार तो गावोगाव फिरला. प्रत्येक गावात सरपंच हजर. प्रत्येकाचं उत्तर एकच: "आमच्या गावात तंटा म्हणून नाही, साहेब!"

तिसऱ्या आठवड्यात, कोर्टाच्या फाटकातून आत शिरताना, तो थबकला. फाटकाबाहेर रशीदभाई टाइपरायटर घेऊन बसायचे. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. निरंजन रोज त्यांच्या अंगावरून जायचा. बोलला मात्र कधी नव्हता.

"रशीदभाई, कुणी अर्ज टाइप करून घेतला आणि दाखलच केला नाही, असं होतं का हो?"

रशीदभाई उठून उभे राहिले. त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली आणि तळातून एक घडी घातलेला कागद काढला.

"यमुना कुंभार, राहणार वडाची वाडी. जादा फी ऐकली आणि म्हणाली, ठेवा तुमच्यापाशीच, येते. तिसरा महिना लागला, साहेब."

रविवारी निरंजन वडाच्या वाडीला गेला. शेवटचा रस्ता पायीच होता. चढावर एक पन्नाशीची बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चालली होती. त्याने तिलाच यमुनाबाईंचं घर विचारलं.

"माझंच की. या."

तिने त्याला ओळखलं नाही. हंडे उतरवले, आणि आधी पेला भरून त्याच्या हातात दिला.

"उन्हाचं आलाय. घ्या."

मग हळूहळू सगळं कळलं. नवरा गेला आणि दिराने विहिरीची वाट काटे लावून बंद केली. विहीर दारापासून वीस पावलांवर. आता ती खालच्या ओढ्यावरून पाणी आणते, दिवसाला चार खेपा. माती भिजवायला पाणी पुरत नाही, म्हणून चाक थांबलेलं.

"मग कोर्टात का नाही गेलात?"

"गेलते की. पर कोर्टानं भाव वाढवलाय." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच निरंजनला सोसेना. "सायबांकडं लई गर्दी होत आसंल. म्हणलं, आपुन आनि कशाला त्रास द्यायचा?"

पेल्यात घोटभर पाणी उरलं होतं. ते प्यावं की ठेवून द्यावं, निरंजनला कळेना. शेवटी तो ते प्यायला, अगदी हळू.

सोमवारी त्याने हुकूम काढला. ज्याला झेपत नाही त्याने नुसतं तोंडी सांगावं, जादा फी माफ. कुठलाही कागद मागायचा नाही. फाटकावर ठळक अक्षरात पाटी लावली. असा हुकूम काढायला फक्त पेन लागतं असं वाटतं. पण आपण चुकलो हे अशी पाटी लावून कबूल करणारा न्यायाधीश त्या तालुक्याने पहिल्यांदाच पाहिला.

महिन्याभराने तो पुन्हा डोंगर चढला. माईंसमोर बसून सगळं सांगितलं.

"न्यायाधीशाने पक्षकाराच्या घरी पाणी पिऊ नये. चुकलो का, माई?"

"ती पक्षकार होती?"

"...नाही. ती आलीच नव्हती."

माईंनी नुसती मान डोलावली.

"फी माफ केल्यापासून अकराजण आले," निरंजन म्हणाला.

"आणि ती?"

वारा देवळाच्या घंटेला लागून गेला. निरंजन खाली बघत होता.

"रशीदभाईंकडून पाटीचा निरोप पाठवला होता. ती म्हणाली, सायबांना सांगा, लांबच्या वाटेची आता सवय झाली."

माईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"दावा लाव असं मी तिला कसं सांगू, माई? आपण दार उघडं ठेवायचं आणि बसून राहायचं. तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं खरं."

माईंनी गुडघ्यावर हात टेकला. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष. सहा वर्षांत त्या डोंगर उतरल्या नव्हत्या. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या वहाणा पायात सरकवल्या आणि काठी घेतली.

"माई, अहो... बसा ना. ऊन तरी उतरू दे."

तोवर त्या पहिल्या पायरीवर पोचल्याही होत्या.

"माझं कोर्ट कधीच उठलं, निरंजन. चल, वडाच्या वाडीची वाट दाखव."