अण्णासाहेबांचा हुकूम आणि शेवंताचा डबा

“प्रिंटर माझ्या खोलीतच राहील! माझ्याशिवाय कुणी खोलीत पाऊल टाकायचं नाही, कुणी त्याला हात लावायचा नाही आणि उंबऱ्यावरून एकही वायर जाता कामा नये!”

निवृत्त जिल्हा न्यायाधीश अण्णासाहेब मुजुमदारांनी हुकूम सुनावला आणि टाइप करून दारावर डकवलासुद्धा. साताऱ्याच्या त्या बंगल्यात माणसं नऊ आणि प्रिंटर एक. जो तो लॅपटॉप काखोटीला मारून त्यांच्या खोलीत घुसायचा आणि वायरी उपसायचा. म्हातारा वैतागला, यात नवल नाही.

नेमकी त्याच दिवशी घरकामाला असलेली शेवंता सुट्टी मागायला गेली! “अण्णासाहेब, दुपारचं दोन तास सोडा. आयटीआयला कम्प्युटरचा वर्ग लावलाय. सोमवारी न्हाई गेले, तर नाव कापत्यात.”

“असं? मग दाखव तुझी विद्या! हा हुकूम न मोडता घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागेवरून प्रिंट काढता आली पाहिजे. जमलं तर सुट्टी. नाही जमलं, तर पुन्हा वर्गाचं नाव काढायचं नाही!”

“हे म्हणजे न भिजता आंघोळ कर म्हणण्यासारखं आहे गं,” थोरल्या सूनबाई वृंदाताई हळहळल्या.

 शेवंता वर्गाच्या सरांकडून साबणाच्या वडीएवढा एक डबा उसना घेऊन आली. त्याचं नाव प्रिंट सर्व्हर. प्रिंटर त्याला जोडायचा, त्याला घरच्या वायफायवर घ्यायचं, की घरातला कुठलाही लॅपटॉप बसल्या जागेवरून प्रिंट धाडू शकतो.

पण जोडायचा कुणी? शेवंताने उंबऱ्याबाहेर बसकण मारली. “अण्णासाहेब, तुमच्या हाताला बंदी न्हाई. एवढा डबा आत घ्या अन् त्याची वायर प्रिंटरच्या पाठीत खुपसा.”

न्यायमूर्ती टेबलाखाली शिरले. “इथे?”

“ती पंख्याची पाठ हाय!”

दोनदा डोकं आपटल्यावर वायर बसली. शेवंताने बाहेरूनच, वृंदाताईंच्या लॅपटॉपवर, डब्याला वायफायचा पासवर्ड दिला, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता कायमचा करून टाकला आणि तो पत्ता घरातल्या सगळ्या लॅपटॉपना सांगितला. वृंदाताईंनी स्वयंपाकघरातून बटण दाबलं. खोलीत घर्रर्र!

“आला!” अण्णासाहेबांनी कागद कौतुकाने दारात आणून दिला.

मग काय, घरात जत्राच भरली! वृंदाताईंच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, नातीचा फुलपाखरांचा प्रकल्प, धाकट्या मुलाची तिकिटं. दुपारी डोळा लागतोय न लागतोय तोच घर्रर्र! आत यायची कुणाला मुभा नव्हती, तेव्हा दर कागदाला उठायचं अण्णासाहेबांनीच. डबा उपटून फेकावा, तर दिलेला शब्द जातो! चौदाव्यांदा उठल्यावर त्यांचा संयम सुटला. प्रिंटर, डबा, वायर सगळं छातीशी कवटाळून ते खोलीबाहेर आले.

“शेवंता! तुझ्या ह्या डब्यापायी माझा हुकूम मोडला!”

“मी पाऊल टाकलं न्हाई, हात लावला न्हाई, उंबऱ्यावरून वायर नेली न्हाई,” शेवंता पदराला हात पुसत म्हणाली. “मोडणारा प्रिंटर घेऊन म्होरं उभा हाय, अन् जज्जसाहेब बी त्योच. आता द्या निकाल!”

 अण्णासाहेब असे खदखदून हसले, की हातातला प्रिंटर वृंदाताईंनी धावत येऊन सावरला.

“आरोपी मीच, आणि दोषी! उद्यापासून दुपारी दोन तास सुट्टी. आणि माझा लॅपटॉप तू घेऊन जा, मी दुसरा आणतो!”