येसूचे गार हात

एकदा काय झालं, कातळवाडीवर गारा पडल्या. कौलं फुटली, कोंबड्या मेल्या. त्याच घटकेला येसू जन्मली. फुटल्या कौलातून एक गार आत आली आणि पोरीनं ती मुठीत धरली. मूठ सोडवली तेव्हा गार नव्हती. हात मात्र गार पडले ते पडलेच.

येसूला बाप नव्हता. आई होती, आणि चुलती मैनाबाई. गावाची चाल कडक. सोळावं लागलं की हातगुण पाहायचा. ज्याच्या हाताला गुण नाही त्याला गावात जागा नाही.

येसूनं दूध विरजलं. सकाळी दूध ते दूधच. मग तिनं खुडूक कोंबडीखाली अंडी मांडली. एकवीस दिवस गेले, पिल्लू निघालं नाही. मग तिनं वाफ्यात मेथी पेरली. सगळ्यांची उगवली, हिचा वाफा काळाच.

"प्रेताचे हात आहेत मेलीचे," मैनाबाई म्हणाली.

"जाऊबाई, माझी पोर आहे ती."

"तुझी आहे म्हणून दही लागणार का?"

पंचांनी येसूला वेशीबाहेर काढलं. तिथं एक खोपट होतं. आई रोज वेशीच्या दगडावर भाकरी ठेवायची. वेस ओलांडायची तिला मुभा नव्हती.

"आई, मी कशाला गं जन्मले?" येसू लांबून विचारायची.

"भाकरी ऊन आहे तोवर खा," आई म्हणायची. दुसरं काय सांगणार?

मग गावात ताप आला. अंग तव्यासारखं तापायचं, तिसऱ्या दिवशी माणूस जायचं. आजाऱ्यालाही वेशीबाहेर टाकायची चाल होती, बरं का. मग एकेक जण येसूच्या खोपटाशी येऊन पडू लागला.

पहिला आला म्हातारा कुंभार. येसूनं त्याच्या कपाळाकडे हात नेला आणि मागे घेतला. गुण नाही म्हणून सांगितलं होतं ना, ते तिनं खरं धरलं. म्हातारा दिवस मावळायच्या आत गेला. ही चूक येसू जन्मात विसरली नाही.

मग मैनाबाईला आणून टाकलं. तिला पाणी पाजताना येसूचा हात कपाळाला लागला. मैनाबाईनं तो घट्ट धरला.

"काढू नको गं. काढू नको."

ताप उतरला. मग येसू थांबली नाही. ह्याच्या कपाळावर हात, त्याच्या कपाळावर हात. माणसं उठून बसू लागली. पण दर वेळी ताप उतरला की हातातला थोडा गारवा जायचा. येसूला ते कळत होतं. तरी तिनं कोणाला परत पाठवलं नाही.

शेवटी आली तिची आई.

येसूनं दोन्ही हात कपाळावर ठेवले. ताप हलला नाही. आईनं डोळे उघडले.

"ऊब आली गं तुझ्या हातांना," आई म्हणाली. समाधान वाटलं तिला. मग ती गेली.

ताप सरला. पंच वेशीवर आले. त्यांनी पुन्हा हातगुण पाहिला. दही लागलं. पिल्लं निघाली. मेथी वर आली.

"आता तू आमची," पंच म्हणाले. मैनाबाईनं दारात पाट मांडला.

येसू पाटावर बसलीही. तेवढ्यात बातमी आली, नदीपलीकडच्या गावात ताप शिरलाय.

येसू उठली. डोंगरात एक झरा होता. तिथं ऊन कधी पोचत नसे. तिनं कोपरापर्यंत हात बुडवले. पहिल्या दिवशी हात दुखले. दुसऱ्या दिवशी नखं निळी झाली. तिसऱ्या दिवशी हात आहेत की नाहीत, तेच कळेना. मग तिनं ते बाहेर काढले आणि नदी ओलांडली. ह्या खेपेला तिला कोणी बाहेर काढलं नव्हतं.

कातळवाडीची माणसं सुखानं नांदली. येसूही नांदली, पण एका घरात नाही. जिथं ताप, तिथं तिचं घर.

कोणाचं कपाळ तापलंय? नाही ना? मग हात पांघरुणात घ्या आणि निजा.